झुंबरअक्कांचा आखाजीचा कागद

आमच्या पेठेत झुंबरअक्कांबद्दल एक गोष्ट सांगतात. आखाजीच्या दिवशी त्या पत्त्यांना बसल्या, तीन डाव मारले आणि समोरच्या शेठकडून मुंबईची आख्खी रेडिओची कंपनी जिंकून घेतली. कारखाना, भोंगा, मॅनेजर, सगळ्यासकट. पिठाच्या गिरणीवाला हे सांगताना भोंगासुद्धा वाजवून दाखवतो. न्हावी म्हणतो, भोंगा मिळाला नाही, मॅनेजर मात्र मिळाला, आणि तो दर दिवाळीला अक्कांना सलाम ठोकायला जळगावला येतो. मी दोघांचेही आवाज काढते. न्हाव्याचा जास्त चांगला जमतो, कारण तो वाक्याच्या मधेच थांबून वस्तरा पुसतो.

खरं सांगायचं तर अक्कांनी जन्मात पत्त्याला हात लावलेला नाही. त्यांच्याकडे होते ते ‘नभोनाद रेडिओ कंपनी’चे चाळीस शेअर, दहा रुपयाला एक असे रोख घेतलेले. भोंगा नाही, मॅनेजर नाही, एक घडीचा कागद. आखाजी तेवढी खरी. सगळ्या भानगडीत तीच सगळ्यांत खरी.

झुंबरअक्का मांडे करतात. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, जावई पहिल्यांदा येणार असो, मांडे अक्कांचेच. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर घेऊन त्या अशा फिरवतात, की बघता बघता ती पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत पसरते. इतकी पातळ, की पलीकडचा दिवा दिसावा. मग एका झोक्यात पालथ्या खापरावर. हे चालू असताना अक्का बोलत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी बोललेलंही त्यांना चालत नाही.

हे काम उघड्या हातांचं. बांगडी असली की मांडा अडकतो आणि फाटतो. म्हणून अक्कांचे हात कोपरापर्यंत नेहमी मोकळे. त्यांच्या सासूने जाताना चार तोळ्यांच्या पाटल्या त्यांच्या हवाली केल्या होत्या. हवाली म्हणजे कायमच्या नव्हे. म्हातारीने सांगितलं होतं, “मंदाच्या पोरीचं लग्न होईस्तोवर तू घाल, मग तिला दे.” मंदा म्हणजे अक्कांची नणंद, रावेरला केळीवाल्यांकडे दिलेली. आणि तिची पोर, कुंदा, तेव्हा सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

पाटल्या डब्यात. अक्कांचे हात पिठात. लग्नाला अकरा-बारा वर्षं.

आता रुपचंदशेठ. पेठेच्या तोंडाशी त्यांचं कापडाचं दुकान. समोर लुगडी आणि मांजरपाट, आणि मागच्या गादीवर मुंबईच्या कंपन्यांच्या शेअरची देवघेव. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला शेठनी घरी मोठी पंगत घातली आणि मांडे करायला अक्कांना बोलावलं. त्याच दिवशी शेठकडे नवा रेडिओ आला होता. अक्कांनी पहिला मांडा उतरवला, पानावर वाढला, आणि मान वर करून बघतात तर पानावर माणूसच नाही! बठ्ठी पंगत, झाडून सगळी, ओसरीवर, रेडिओभोवती. पंगतच काय, रस्त्यावरची माणसंसुद्धा पायरीवर चढून आत माना घालत होती. दिल्लीहून कुणीतरी गव्हाच्या मळणीबद्दल बोलत होतं, आणि जळगावची सोन्याचांदीची माणसं तोंड उघडं टाकून ते ऐकत होती.

त्या दिवशी अक्कांचे सतरा मांडे गार झाले. दुसरी कुणी असती तर चिडली असती. अक्का कमरेवर हात ठेवून विचार करत राहिल्या.

“शेठ, ही पेटी कुठं बनते?”

“ये तो विलायती है, बाई. पण आता आपल्या मुंबईमदी कंपनी निघून राह्यली. नभोनाद. मी शेअर घेतले ना थोडे.”

“मलाही घेऊन द्या.”

शेठ हसले. इथे मी शेठचं हसू काढून दाखवते. ते नाकातून सुरू होतं आणि पोटात संपतं. “बाई, हा जुगार है. आज दहा, उद्या दोन, परवा शून्य. नवीन यंत्राची कंपनी म्हणजे मारवाडी माणूसपण झोपत नाही!”

“जुगार असला तर बरंच शे. आज आखाजीच आहे.”

बाहेरच्या लोकांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमचा खान्देशातला सगळ्यांत मोठा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि एरवी जी माणसं पत्त्याला पाप म्हणतात ती त्या दिवशी घोंगडी अंथरून बसतात, भर रस्त्यात. आखाजीला जुगार खेळला तर बायको बघत नाही, शिपाई बघत नाही आणि देवही दुसरीकडे तोंड करतो. वर्षातून एवढाच एक दिवस. अक्कांचं म्हणणं सरळ होतं: शेअर जर जुगार, तर तो आखाजीलाच घ्यायचा, आखाजीलाच विकायचा, आणि त्याचा भावही आखाजीलाच विचारायचा. बाकीचे दिवस पाप.

त्यांनी हातांचं पीठ पुसलं, घरून डबा आणला, सोनाराकडून पाटल्या मोडून आणल्या, आणि ऊन उतरायच्या आत चारशे रुपये शेठच्या गादीवर ठेवले. सोनार त्या दिवशी विकण्यातच दंग होता. सोनं मोडायला आलेली एवढी एकच बाई, म्हणून त्याला अजून आठवते.

मी अक्कांच्या शेजारची, तेव्हा पाच वर्षांची. तरी हे सगळं मला पाठ आहे, कारण पुढे दर वर्षी दोघांच्या तोंडून दोन सुरांत ऐकलं.

पहिला सूर तोतारामनानांचा. हे अक्कांचे यजमान, कापसाच्या जिनात काट्यावर वजन करतात. मूळचे धुळ्याकडचे, आणि घाबरले की त्यांची सगळी शाळा गळून पडते, नुसती अहिराणी उरते. नानांनी संध्याकाळी डबा उघडला आणि आत पाटल्यांच्या जागी घडीचा कागद बघितला.

“आवं, हाऊ काय शे?”

“रेडिओ.”

नानांनी डब्याला कान लावून पाहिला म्हणतात. ते मी शपथेवर सांगणार नाही.

दुसरा सूर मंदाबाईंचा. त्या दर आखाजीला माहेरी येणार, ओट्यावर पिशवी टेकवणार, आणि पाणी पिण्याआधी वहिनीच्या हाताकडे बघणार. माहेरची बोली त्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी केळीच्या बागेत टाकून आल्या होत्या.

“काबरं वं वहिनी, आईच्या पाटल्या कोठी हायेत?”

“कामाला गेल्यात.”

“पाटल्या कामाले जातात? माह्या जन्मात नही ऐकलं!”

शेवटी अक्कांनी भरलेल्या घागरीवर हात ठेवून सांगितलं, “कुंदाच्या लग्नाला चार तोळ्यांच्या पाटल्या तिच्या हातात असतील. नसल्या, तर पुढं कुणाच्या चुलीवर मी खापर ठेवणार नाही.” मांडेवालीने अशी शपथ घ्यायची म्हणजे गवयाने गळा पणाला लावायचा. त्या क्षणापासून नुसत्या पाटल्याच नव्हे, अक्कांचे हातच त्या कागदाला बांधले गेले.

आणि तो कागद तरी कसा! पहिल्या वर्षी भाव चारवर आला, कारण कंपनीच्या रेडिओची लाकडी पेटी पावसाळ्यात फुगायची आणि बटण फिरेना. मग कुणी नवा इंजिनियर आला, भाव एकतीसवर गेला. मग गोदामाला आग लागली. भाव अडीच रुपये. नाना तीन दिवस जेवले नाहीत. जिनात त्यांनी एका गाडीचं वजन दोनदा लिहिलं, आणि घरी येऊन कपाळाला हात लावला: “मी सांगस ना, आते इकी टाक व! बठ्ठं डुबी जाई! हाऊ कागद शे का बाँब शे?”

अक्कांच्या हातावर तेव्हा मांडा होता. त्यांनी तो कोपरापर्यंत नेला, खापरावर टाकला, आणि मगच बोलल्या. “मांडा हातावर असला की लोक म्हणतात, फाटला, फाटला. आपण मधेच मूठ आवळली की खरंच फाटतो. आखाजीला किती दिवस आहेत?”

“सात महिने!”

“मग सात महिन्यांनी घाबरा.”

पेठेतले लोक मुद्दाम छळायचे. वर्तमानपत्र हातात घेऊन दारावरून जाताना ओरडायचे, “अक्काऽ, नभोनाद बावीस!” अक्का दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. हात पिठाचे असायचे, त्यामुळे भाव जास्त हलला त्या वर्षी अक्कांचे कान कायम पांढरे.

आता खरी गंमत. आखाजीला अक्का कागद घेऊन शेठकडे जायच्या, भाव विचारायच्या. एका वर्षी चौतीस होता. नाना मागे उभे राहून खुणा करत होते, विक, विक. अक्कांनी विचारलं, “शेठ, आज विकाल का?”

शेठनी कानाला हात लावला. आखाजीला ते आखातीज म्हणतात. “बाई! आखातीजला? आखातीजला फक्त घेवायचं. आज जे घरात येईल ते कायम राहातं. आज विकलं तर लक्ष्मीला चालायची सवय लागते. उद्या या, उद्या विकतो.”

“उद्या जुगार पाप शे.”

“मग मी काय करू?”

“काही नका करू. पुढच्या आखाजीला येते.”

म्हणजे बघा, अक्का आखाजीखेरीज विकणार नाहीत, आणि शेठ आखाजीला विकणार नाहीत. एका दाराला दोन कुलपं, आणि दोन्ही किल्ल्या एकमेकांच्या आत. अकरा वर्षं हेच चाललं. पेठेला वाटायचं, भोळी बाई नियमाच्या फासात अडकली. मलाही तेच वाटायचं. आणि दर वर्षी अक्का घरी येऊन कागद पुन्हा माळ्यावरच्या फुटक्या खापराखाली ठेवून द्यायच्या, तोंडावर ना हसू ना रडू.

असं करत गेल्या वर्षाची, म्हणजे एकोणसाठची, आखाजी जवळ आली. कुंदाचं लग्न ठरलं, आखाजीनंतर आठव्या दिवशी. मंदाबाई या वेळी कुंदाला घेऊन पंधरा दिवस आधीच येऊन बसल्या, पाटल्यांवर डोळा ठेवायला. आणि त्याच दिवशी पेपरात भाव आला, बासष्ट. पेठ वेडी झाली. गिरणीवाल्याने खरोखर भोंगा वाजवला. नानांनी जिनातला खडू घरी आणून भिंतीवर हिशोब मांडला: नव्या पाटल्यांना चारशे ऐंशी लागतात, चाळीस शेअर आहेत, म्हणजे भाव बाराच्या वर असला की पाटल्या येतात. बासष्टला तर पाटल्या येऊन वर एक खोली बांधता येईल.

“आते तरी इक!” नाना.

“विका वं वहिनी, पोरीचं लगीन हाये!” मंदाबाई.

“अक्काऽ, आता विकणार ना?” मी. मी दिवसातून चारदा विचारायचे.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या मला साळुंकी म्हणतात, ती ऐकेल ते बोलते म्हणून. “साळुंके, तुला काय वाटतं?”

“आखाजीच्या आत विकाल. पैज!”

“लाव. मी आखाजीआधी कागद सोडला तर मी हरले. तू आखाजीचा सूर्य बुडायच्या आत कुणाची नक्कल केली तर तू हरलीस. हरेल तिनं दुसरीचं काम करायचं, चारचौघांत.”

म्हणजे अक्का हरल्या तर ओट्यावर उभं राहून नक्कल करणार! मी लगेच टाळी दिली. नक्कल न करणं ते काय, तोंड मिटून बसायचं, झालं.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की परदेशात असा रेडिओ निघालाय जो खिशात मावतो, त्यात आतले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्हच, नसतात. नभोनादचे सगळे रेडिओ काचेच्या दिव्यांचे. भाव एकावन्न. मग त्रेचाळीस. मग छत्तीस. नाना रोज भिंतीवरचा आकडा ओल्या फडक्याने पुसून नवा लिहायचे, शेवटी भिंतीचा चुना निघाला. मंदाबाई आधी ओरडायच्या, मग रडायच्या, मग नुसत्याच अक्कांच्या मनगटाकडे बघत बसायच्या. ते आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट होतं.

आणि हे सगळे एवढे सुंदर बोलत होते, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं! न्हावी दारात येऊन म्हणायचा, “अक्का, ऐका माझं,” आणि वस्तरा पुसायचा, आणि माझी जीभ टाळूला चिकटून थरथरायची. पंधरा दिवसांत मी दोन शेर बारीक झाले असेन.

आखाजीच्या आदल्या दिवशी भाव चोवीस होता. त्या दुपारी मी अक्कांना एकटं गाठलं. “अक्का, खिशातला रेडिओ आला तर तुमची कंपनी बुडणार म्हणतात.”

अक्का पुरण वाटत होत्या. पाटा थांबला. “पेटीचा रेडिओ होता तेव्हा माणसं पानावरून उठून ओसरीवर गेली. खिशातला असला तर पानावर बसून ऐकतील आणि तोंडात घासच घालणार नाहीत. मांडे आणखीच गार होतील, साळुंके. दिवा काचेचा असो नाही तर कशाचा, माणसाचा कान तोच राहतो. कंपनीला अक्कल असली तर तीही खिशातला करील.”

“आणि अक्कल नसली तर?”

पाटा पुन्हा सुरू झाला. हात जरा जोरात चालला, एवढं मात्र मी पाहिलं. “नसली तर मी पुन्हा मांडे करणार नाही. म्हणून अर्धेच ठेवायचे.”

अर्धे म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आखाजीला सकाळी बावीस पानांचे मांडे उरकून अक्का निघाल्या, मागे नाना, मागे मंदाबाई, मागे कुंदा, मागे मी. शेठ नवा अंगरखा घालून, देरासरातून, म्हणजे त्यांच्या जैन देवळातून, उसाचा रस घेऊन नुकतेच गादीवर टेकले होते. कागद बघून त्यांनी सवयीने कानाला हात लावला.

“बाई, दर वर्षी सांगतो, आज मी विकत नाही!”

“तुम्ही नका विकू, शेठ. तुम्ही घ्या.”

शेठचा हात कानावरच राहिला.

“आज घेण्याचा दिवस ना? आज दारात आलेलं परत धाडत नाहीत ना? आज जे घरात येईल ते कायम राहतं, असं तुम्हीच अकरा वर्षं सांगताय. चाळीसातले वीस घ्या, आजच्या चोवीसच्या भावानं. मला आखाजी चालते, तुम्हालाही चालते.”

 शेठनी कागदाकडे बघितलं, छताकडे बघितलं, भिंतीवरच्या लक्ष्मीकडे बघितलं. पडत्या भावाचा माल, आणि नाही म्हणावं तर आखातीजला दारातून परत! मग ते हसू आलं, नाकातून सुरू होऊन पोटात जाणारं.

“बाई, हे तुमाला आज सुचलं?”

“नाही. पहिल्याच वर्षी.”

“मग अकरा वर्षं का नाही बोल्ल्या?”

“तेव्हाच बोलले असते, तर चारवर घाबरून विकला असता, नाही तर एकतीसवर हरखून. कुलूप मीच लावलं होतं, शेठ. तुमच्या नियमाची फक्त कडी झाली.”

शेठनी तिजोरी उघडून चारशे ऐंशी मोजले. विसांचे कागद नंतर मुंबईहून वेगळे होऊन येतील, असं ठरलं. आम्ही तशाच सोनाराकडे गेलो. तिथं आखाजीची ही गर्दी! तयार पाटल्या, चार तोळे, मंदाबाईंनी स्वतः निवडलेल्या. नाना म्हणाले, जिनाच्या काट्यावर एकदा वजन करून बघू. सोनार म्हणाला, तुमचा काटा खंडीचा, पाटल्या ठेवल्याचं त्याला कळणारसुद्धा नाही.

घरी आलो. अक्कांनी पाटल्या कुंदाच्या हातात चढवल्या. आणि मंदाबाई, अकरा वर्षं ज्या फक्त वहिनीचं मनगट बघत आल्या होत्या, त्यांनी ते पिठाचं मोकळं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि हंबरडा फोडला, “व माय! बसल्या वं वहिनी, बसल्या! जशा आईच्याच हातातल्या!”

आणि त्याच क्षणी, त्याच सुरात, तोच हंबरडा दुसऱ्यांदा ऐकू आला. “व माय! बसल्या वं वहिनी, बसल्या!”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पटकन तोंडावर हात ठेवला, पण आवाज निघून गेला होता. पंधरा दिवस धरून ठेवलेला, एका ‘बसल्या’त गेला. मी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य कडुनिंबाच्या शेंड्याला टेकला होता, हातभर बाकी.

 अक्कांनी नुसती कणकेची परात माझ्याकडे सरकवली.

चारचौघांत म्हणजे न्हावी, गिरणीवाला, रुपचंदशेठ, झोक्यावरच्या पोरी, सगळी पेठ. मी बांगड्या काढल्या. गोळा हातावर घेतला, फिरवला. पंजावर पसरला, मनगटावर आला, आता कोपर, आता कोपर, आणि भीतीने मी मूठ आवळली. मांडा फाटला आणि पुरण माझ्या परकरावर.

मग झुंबरअक्का ओट्यावर चढल्या. त्या जिंकल्या होत्या, त्यांना काहीच करायचं नव्हतं. पदर खोचला, डावा पाय माझ्यासारखा पुढे टाकला, मान माझ्यासारखी वाकडी केली, आणि माझ्याच चिरक्या आवाजात, शेवटचा सूर तसाच ताणून, पेठेला विचारलं,

“अक्काऽ, आता विकणार नाऽ?”